गाडी उंच नको, मऊ हवी

या महिन्याच्या टपालात रिमोटवर चालणाऱ्या ट्रकच्या सस्पेन्शनबद्दल तीन पत्रं आली. तिन्ही वेगळ्या गावांची, गाड्याही वेगळ्या, पण दुखणं जवळपास एकच. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून आज फक्त हीच घेतली आहेत.

सातारा : ताई, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे १:१० मापाची फोर बाय फोर क्रॉलर, म्हणजे खडकांवर हळूहळू चढणारी, ट्रक आहे. मामाने जीपला लिफ्ट किट बसवलं ते बघून मीही ९० मिलिमीटरचे शॉकअप काढून ११० मिलिमीटरचे घातले, कडक स्प्रिंगा आणि मोठे टायर टाकले. दिसायला झकास झाली, पण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला ज्या खडकावर आधी सहज चढायची तिथं आता मागे उताणी पडते. ड्राइव्ह शाफ्ट टकटक वाजतो. थ्रॉटल दिला की पुढचं एक चाक हवेत उचललं जातं. अजून कडक स्प्रिंगा टाकू का?

नको. ज्या कडक आहेत त्याही काढ.

मामाच्या जीपचं काम वेगळं आहे. त्याला चिखलातून, दगडधोंड्यांतून पोट न घासता जायचंय. पन्नास अंशांच्या कातळावर तो जीप घालत नाही आणि घालूही नये. तुझी गाडी मात्र रोज नेमकं तेच करते. तिच्या बाबतीत पहिला प्रश्न एवढाच, की वजन कुठं आहे. आणि ते अंदाजाने सांगता येत नाही, मोजावं लागतं.

माझं लेथचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. भाचा होस्टेलला गेला तेव्हा त्याची क्रॉलर माझ्या टेबलावर राहिली आणि मग माझीच झाली. तू केलंस तसंच मीही पहिल्यांदा तिला उंच केलं होतं. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका ओढ्यात ती सलग चार वेळा उताणी झाली, तेव्हा घरी येऊन मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. पुढची चाकं काट्यावर, मागची चाकं काट्याइतक्याच जाडीच्या पुस्तकावर. मग उलट. गाडी २.६ किलोची, पुढे १.३, मागे १.३. चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ३१३ मिलिमीटर.

वजनाची उंची काढायला एक फळी लागते. गाडी फळीवर आडवी उभी कर, खालच्या बाजूच्या चाकांना घसरू नये म्हणून बारीक पट्टी ठोक, शॉकअप दबू नयेत म्हणून झिप टायने बांधून टाक. आता फळीची एक बाजू हळूहळू उचल. वरची चाकं जिथं फळी सोडतात तो कोन मोबाइलवर बघ. माझा ४२ अंश आला. चाकांच्या बाहेर-बाहेर रुंदीचा अर्धा भाग १०० मिलिमीटर होता, त्याला ४२ अंशांच्या टॅनजंटने भागलं की उंची ११० मिलिमीटर. म्हणजे गाडीचं सगळं वजन जणू जमिनीपासून ११० मिलिमीटरवर एका ठिकाणी गोळा झालेलं आहे.

आता चढाचं गणित. गाडी मागे केव्हा उलटते? वजनाचा तो बिंदू मागच्या चाकाच्या टेकण्याच्या जागेपलीकडे गेला की. माझा बिंदू मागच्या अ‍ॅक्सलपासून १५६ मिलिमीटर पुढे होता. १५६ भागिले ११० हा ज्या कोनाचा टॅनजंट येतो तो कोन, म्हणजे जवळपास ५५ अंश. मग मी गाडी खाली आणली, वजन पुढे नेलं. आता उंची ८५, पुढच्या चाकांवर साठ टक्के वजन, बिंदू मागच्या अ‍ॅक्सलपासून १८८ वर. १८८ भागिले ८५ केलं की ६५ अंशांच्या थोडं वर जातं. मोटर तीच, बॅटरी तीच, टायर तेच. दहा अंश फक्त वजन हलवून मिळाले. हे मी वहीत लिहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतका आनंद झाला होता.

तर तुझे जुने ९० चे शॉकअप परत घाल. शाफ्टची टकटक तिथंच थांबेल. गाडी उंच झाली की शाफ्टचा कोन वाढतो, आणि तिरक्या कोनात क्रॉसजॉइंट एका फेऱ्यात दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो. तो आवाज त्याचा आहे. तसंच चालवत राहिलास तर आधी पिन जाईल, मग कप.

स्प्रिंगा मऊ घे, इतक्या मऊ की गाडी नुसती उभी असताना शॉकअप अर्ध्याहून जास्त दबलेला असेल. माझ्या शॉकअपची चाल ३० मिलिमीटर आहे, गाडी उभी असते तेव्हा त्यातली १८ आधीच गेलेली असते. तुला वाटेल, मग वर जायला जागा कुठं उरली? वर जायला लागतच नाही रे. या वेगात गाडी खड्ड्यावर आदळत नाही, खड्ड्यात चाक सोडते. चाक खाली किती उतरू शकतं ते महत्त्वाचं. याला हौशी लोक ड्रूप म्हणतात. काही जण स्प्रिंग पार काढून टाकतात किंवा पिस्टनच्या खालच्या बाजूला घालतात, म्हणजे स्प्रिंग गाडीला वर ढकलण्याऐवजी खाली ओढते. याचा चढावर मोठा फायदा होतो. कडक, लांब स्प्रिंगेची गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं, पुढची स्प्रिंग मोकळी होते आणि नाकाला वर ढकलते. नाक वर गेलं की वजन आणखी मागे जातं. तू उताणा पडतोस तो त्या ढकलण्याने.

मग वजन. मी पुढच्या चाकांच्या आत पितळेच्या रिंगा घातल्या. बाहेरून ४४, आतून ३६, रुंदी १२ मिलिमीटर. एक रिंग ५१ ग्रॅमची होते. तुमच्या गावात कुठल्याही टर्नरकडे दे, अर्ध्या तासाचं काम आहे. खालचे लिंक, म्हणजे अ‍ॅक्सल चेसिसला धरून ठेवणारे दांडे, लोखंडी ठेव, वरचे अ‍ॅल्युमिनियमचे. ते घरी करायचे तर ६ मिलिमीटरचा दांडा घे, टोकाला २.५ च्या ड्रिलने भोक मार आणि एम ३ चा, म्हणजे ३ मिलिमीटरचे आटे पाडायचा, टॅप चालव. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल घालत. घाई केलीस तर टॅप आत तुटतो आणि दांडा फुकट जातो. पुढे वजन वाढवलंस की सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरवर, ताण येतो, तो किमान २० किलो-सेंटिमीटरचा असू दे.

राहिलं ते हवेत जाणारं चाक. त्याचा स्प्रिंगेच्या कडकपणाशी थेट संबंध नाही. शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेला असतो, तो फिरला की त्याचा पीळ चेसिसला उलट्या बाजूला वळवायला बघतो. मोठे टायर घातलेस म्हणजे तेवढाच जोर लावायला शाफ्टवर जास्त पीळ येतो, म्हणून हे आत्ता दिसायला लागलं. उपाय असा, की मागच्या स्प्रिंगा पुढच्यांपेक्षा किंचित टणक ठेवायच्या, आणि टायर आधीच्या मापाचे. अ‍ॅक्सलमध्येच जास्त गिअर रिडक्शन असेल तर शाफ्टवरचा पीळ मुळातच कमी होतो. २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सासच्या टीआरएक्स-४ मध्ये पोर्टल अ‍ॅक्सल आहेत, म्हणजे चाकापाशी गिअरची आणखी एक जोडी. खऱ्या गाड्यांत युनिमॉगला ते फार आधीपासून आहेत. अ‍ॅक्सलचा गोळा त्यामुळे वर राहतो आणि पीळही कमी पडतो. पण आत्ता पैसे खर्च करू नकोस.

आणि हे सगळं एका दिवशी करू नकोस. एक गोष्ट बदल, त्याच खडकावर, त्याच रेषेवर दहा वेळा चढव, किती वेळा गेली ते लिही. मग दुसरी. तसंच, पावसाळ्यानंतर फुलं असतात तेव्हा सड्यांवर गाडी नेऊ नकोस. टायरखाली काय चिरडलं ते आपल्याला वरून दिसतही नाही.

अकोला : मुलगा तेरा वर्षांचा आहे. त्याच्याकडे टू व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे. पार्किंगमध्ये विटांवर प्लायवूड टाकून उड्या मारतो. गाडी उतरली की पोट आपटतं, मग दोन-तीन वेळा उसळते. कधी नाकावरच पडते. शॉकअपमधून तेल गळतं. गॅरेजवाल्याने बाइकच्या फोर्कचं तेल भरून दिलं, तर आठवड्यात पुन्हा गळती. वजनासाठी चाकांत पितळ वगैरे लावू का? (माझ्या एका मित्राने सुचवलं.)

तुमच्या गाडीला पितळ अजिबात नको. क्रॉलर माणसाच्या चालीपेक्षाही हळू जाते, तिथं चाकातलं वजन फायद्याचं. तुमच्या मुलाची गाडी पळते आणि उडते. तिथं चाक जितकं जड तितकं ते खड्ड्यावरून वर जायला आणि परत जमिनीला लागायला उशीर करणार. त्या उशिरात टायरला पकड नसते.

फोर्कचं तेल आजच काढा. ते खनिज तेल असतं आणि अशा शॉकअपमधल्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा त्यात फुगतात. फुगलेली रिंग आधी दांडा अडवते, मग फाटते. दुसरी गोष्ट, उन्हात सिलिकॉन तेलापेक्षा खनिज तेल जास्त पातळ होतं, आणि अकोल्याचा मे मी अनुभवला आहे. सिलिकॉन शॉक ऑइल घ्या आणि बाटलीवरचा सेंटिस्टोकचा, म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा, आकडा बघा. तीस, चाळीस असे जे ‘वेट’चे आकडे असतात ते कंपनीगणिक वेगळे निघतात, एकाचं तीस साधारण ३५० सेंटिस्टोक असतं. थंडीत ३५० आणि उन्हाळ्यात ५०० असं ठेवा. ओ-रिंगा नव्या बसवा.

भरताना पिस्टन खाली ओढून ठेवा, तेल काठोकाठ घाला, पिस्टन सावकाश वरखाली करा म्हणजे बुडबुडे वर येतील. मग शॉकअप उभा ठेवून दहा मिनिटं त्याला हात लावू नका. मुलाला ही दहा मिनिटं फार जड जातात, माझ्या भाच्यालाही जायची, पण बुडबुडा आत राहिला तर शॉकअप आधी फुसकन दबतो आणि मग एकदम धरतो. झाकण लावून झालं की चारही शॉकअप हातात घेऊन दाबून बघा, चारही सारखेच लागले पाहिजेत.

आता गाडी एक फूट उंचीवरून चारही चाकांवर सपाट सोडा. पोट जमिनीला जेमतेम टेकलं आणि गाडी एका दमात सावरून उभी राहिली तर बरोबर. उसळली तर तेल एक पायरी घट्ट करा. पोट जोरात आपटलं पण उसळली नाही, तर स्प्रिंगेखाली प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी, क्लिप वाढवून बघा आणि तरीही तसंच झालं तर स्प्रिंगच टणक घ्या.

नाकावर पडण्याचा दोष बहुतेक वेळा शॉकअपचा नसतो, बोटाचा असतो. गाडी हवेत असताना थ्रॉटल सोडला किंवा ब्रेक लावला की नाक खाली जातं, थ्रॉटल दिला की वर येतं. फिरणाऱ्या चाकांचा वेग बदलला की गाडीचं अंग उलट दिशेने फिरतं, म्हणून. मुलाला रॅम्प सोडताना आणि गाडी हवेत असतानाही थ्रॉटल स्थिर धरायला सांगा. शॉर्ट कोर्सच्या बॉडीच्या मागच्या भागात हवाही अडकते आणि गाडी छत्रीसारखी वाकडी होते. मागच्या हौद्याच्या भागात दोन मोठी भोकं पाडलीत तर फरक पडेल.

मिरज : मी एसटीत ३१ वर्षं मेकॅनिक होतो, त्यातली निम्मी पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर. निवृत्तीनंतर नातवासाठी १:१२ मापाचा ट्रक स्वतः बनवला, रिमोटवर चालतो. पाटे अगदी खऱ्यासारखे केले. खऱ्या पाट्याचं पान १० मिलिमीटर जाड, मी ०.८ घेतलं. रुंदी ६.५, लांबी १०५, सात पानं, सेंटर बोल्ट, यू बोल्ट, शॅकल, सगळं बाराने भागून. पण पाटे हलतच नाहीत. ट्रक ३ किलोचा आहे, लाकडाचा ठोकळा चालावा तसा चालतो. आयुष्यभर पाटे बांधले, माझं चुकलं कुठं?

काका, पत्राबरोबरचा फोटो मी दुकानात सगळ्यांना दाखवला. शॅकलच्या पिना इतक्या बारीक आणि इतक्या सारख्या केल्यात, की आमचा जुना टर्नर दोन मिनिटं भिंग लावून बघत बसला. तुमचं हातकामात कुठंच चुकलं नाही. बाराने भागण्यातच मेख आहे.

ट्रकची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी बाराने कमी झाली की वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पटींनी कमी होतं. पाट्याचा टणकपणा मात्र बारापटच कमी होतो. म्हणजे तुमच्या पाट्यावर जितका भार पडायला हवा, त्याच्या मानाने तो फार जास्त टणक उरतो. मी तुमच्याच आकड्यांवर हिशेब केला. चार पाट्यांवर ३ किलो, म्हणजे एकावर पाऊण किलो. सात पानं, ०.८ जाडी, तर पाटा पाऊण मिलिमीटरसुद्धा दबत नाही. खऱ्या गाडीचा पाटा भाराखाली ८०-९० मिलिमीटर दबला असं धरलं, तर तुमचा सातेक मिलिमीटर दबायला हवा. दहापट फरक आहे.

नुसती पानं कमी करून फारसं साधत नाही, जाडी कमी करा. पानाचा टणकपणा जाडीच्या घनावर चालतो. ०.८ चं ०.५ केलं, की एका पानाचा टणकपणा जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. तुमच्याच लांबी-रुंदीत ०.५ जाडीची तीन पानं घेतली, तर पाटा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास दबेल. आणि दिसायला सात पानं हवीत, ती तर हवीतच. मग उरलेली चार पानं ०.८ च्या काळ्या प्लॅस्टिक शीटची कापा. पोलादापुढे त्यांचा जोर नगण्य असतो. आतल्या तीन खऱ्या, बाकीच्या चार नुसत्या दाखवण्यापुरत्या. रंग दिल्यावर कुणाला कळणार नाही.

०.५ चं स्प्रिंग स्टील मिळालं नाही तर लांब फिलर गेजची त्या जाडीची पाती वापरा. ती रुंद असतात, लांबीत मधोमध कापावी लागतील. बारीक कटिंग डिस्कने कापा आणि दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पत्ती निळी पडली की पाणी उतरलं, ते पान वाकून तसंच राहील, हे मी तुम्हाला सांगायला नको. सेंटर बोल्टचं भोक मात्र मुख्य पानाला पाडू नका. साडेसहा मिलिमीटर रुंदीत दोन मिलिमीटरचं भोक म्हणजे नेमक्या ताणाच्या जागी तिसरा हिस्सा गेला. बोल्टचं डोकं वरून चिकटवा आणि यू बोल्टांनी आवळा. पानांची टोकं कानशीने गोल करा, कापलेली धार खालच्या पानात रुतते. वंगण म्हणाल तर घट्ट ग्रीस नको, त्याने एवढी हलकी पानं एकमेकांना चिकटतात. शिसपेन्सिलीची पूड चोळा.

हे जगभरच्या हौशी लोकांना अडलेलं आहे. जपानच्या तामिया कंपनीचा ब्रुझर १९८५ साली आला, त्याला पुढेमागे खरे पाटे होते. अशा ट्रकचे मालक आजही पहिल्यांदा पाटे उघडून त्यातली पानं काढतात.

एक गोष्ट मात्र बदलणार नाही. पाटा बरोबर दबला तरी ट्रक खऱ्या गाडीसारखा संथ डोलणार नाही, भराभर हलेल. हालण्याचा वेग मापाच्या वर्गमुळाने वाढतो. बाराचं वर्गमूळ ३.४६, म्हणजे खऱ्या गाडीचा एक हेलकावा होतो तेवढ्यात तुमच्या ट्रकचे साडेतीन होतात. यावर उपाय मोबाइलमध्ये आहे. नातवाला सांगा, ट्रक विटेवरून चढवायचा आणि मोबाइल जमिनीवर, चाकाच्या उंचीला ठेवून सेकंदाला १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये टिपायचं. ३० फ्रेमने चालवलं की चित्र चौपट सावकाश दिसतं, साडेतीनच्या अगदी जवळ. पुढचं चाक विटेवर चढताना पाटा सपाट होतो, शॅकल मागे झुकते आणि मग सगळा सांगाडा एकदाच सावकाश बसतो. ते बघितल्यावर तुम्ही मिरज आगारातली कुठली गाडी आठवलीत ते मला नक्की कळवा. आणि पाटे कापायच्या आधी मागच्या अ‍ॅक्सलवर रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रक अशी दोन्ही वजनं पाठवा. नातू हौद्यात विटांचे तुकडे भरणारच आहे, तेव्हा मागे तीनऐवजी चार पानं लागतील का ते बघून सांगते.